तुम्ही विसरता ते नेमकं काय?

प्रश्न थोडक्यात असा: पत्र पाठवणाऱ्या ताई ३४ वर्षांच्या आहेत. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका पतसंस्थेत काउंटरला बसतात. एकोणिसाव्या वर्षापासून त्यांना फिट येतात आणि तेव्हापासून त्या रात्री फेनिटॉइन ३०० मिलीग्रॅम घेतात. दोन वर्षांपूर्वी मोठी फिट आली, तेव्हा सोबत टोपिरामेट सुरू झालं. गेल्या दिवाळीत त्याचा डोस सकाळ-रात्र ५० वरून १०० मिलीग्रॅमवर गेला. त्यानंतर फिट नाही. पण बोलताना शब्द सापडत नाहीत, ग्राहकाने सांगितलेलं पाच मिनिटांत निसटतं, आणि तीन वर्षांपूर्वीची तारकर्लीची सहल फोटो बघूनही आठवत नाही. ती पुसली गेल्याचं सहलीनंतर दोन-तीन महिन्यांतच लक्षात आलं होतं. मिस्टर म्हणतात, “अधूनमधून तुझी तंद्री लागते, हाक मारली तरी ओ देत नाहीस.” सासूबाईंनी महिन्यापूर्वी शंखपुष्पीचं सरबत सुरू केलंय. ताई विचारतात: फिट तर थांबल्यात, मग एक गोळी बंद करू का? हा कमी वयातला स्मृतिभ्रंश तर नाही? नोकरी सोडावी का?

नमस्कार,

आधी एवढं करा, आज रात्रीची कुठलीही गोळी चुकवू नका. फिटची गोळी एकाएकी बंद केली की मेंदूवरचा लगाम अचानक सुटतो. मग एकामागून एक फिट येऊ शकतात, कधी कधी न थांबणारी फिट येते, आणि त्यात जिवाला धोका असतो. गोळी कमी करता येणारच नाही असं नाही. पण ती काही आठवड्यांत, पायरीपायरीने आणि डॉक्टरांच्या हातून कमी व्हायला हवी.

आता तुमचं पत्र. तुम्ही सगळ्याला ‘विसरणं’ असा एकच शब्द वापरलाय, पण पत्रात तीन वेगळ्या तक्रारी आहेत. शब्द ओठांवर येऊन अडतो ही एक. ग्राहकाचं बोलणं डोक्यात उतरतच नाही ही दुसरी. आणि नीट अनुभवलेली, हसून-खेळून घालवलेली सहल काही महिन्यांत पुसली जाते ही तिसरी. तिन्हींची मुळं एकच असतील असं गृहीत धरू नका. तुमच्याच तारखा लावून बघा. शब्द अडायला लागले ते डोस वाढल्यानंतर. तारकर्ली मात्र टोपिरामेट सुरू होण्याच्या आधीच गेली होती. म्हणजे एका तक्रारीबद्दल गोळीवर संशय घ्यायला जागा आहे. तारकर्ली विसरल्याचा दोष मात्र त्या गोळीच्या माथी मारता येत नाही.

तिसरीपासून सुरुवात करू, कारण तिच्यातच ‘फिट थांबल्यात’ या तुमच्या वाक्याची परीक्षा आहे.

मोठ्यांमध्ये फिट्सचा उगम बऱ्याचदा कानशिलाच्या आतल्या बाजूला, टेम्पोरल लोबमध्ये असतो. तिथेच हिप्पोकॅम्पस नावाचा लहानसा वळलेला भाग आहे. घडलेल्या गोष्टी पक्क्या करून साठवायचं काम त्याच्याकडे असतं. या भागातून उठणारी फिट नेहमी जमिनीवर पाडत नाही. अर्धा मिनिट ते दोन मिनिटं माणूस एकटक बघत राहतो, तोंड चघळल्यासारखं हलतं, हात पदराशी किंवा बटणाशी चाळा करतो. मग तो भानावर येतो आणि काही झालं होतं हे त्याला ठाऊकच नसतं. म्हणून ‘मला फिट येत नाही’ ही साक्ष या बाबतीत कच्ची धरतात. रुग्णालयात व्हिडिओ आणि ईईजी (मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख) एकत्र लावून नोंद घेतली की दिसतं, अशा फिट्सचा बराच मोठा हिस्सा रुग्णाने स्वतः सांगितलेला नसतो. झोपेत येणाऱ्या तर हमखास सुटतात. सकाळी जिभेची कड चावलेली असणं, उशीवर रक्ताचा डाग, कपडे ओले होणं, अंग ठेचल्यासारखं दुखणं या त्यांच्या खुणा. पोटातून काहीतरी वर चढल्याची भावना, किंवा ‘हे आधी घडलंय’ असं दाट वाटणं, हीसुद्धा छोटी फिट असू शकते.

मिस्टर ज्याला तंद्री म्हणतात ती साधी तंद्रीही असेल. पण तपासून बघायला हवी, आणि त्यासाठी मशीन नंतर, आधी घरचा मोबाइल. पुढच्या वेळी त्यांनी लगेच व्हिडिओ सुरू करावा. चेहरा आणि दोन्ही हात दिसायला हवेत. तुम्हाला नावाने हाक मारावी, “हात वर कर” म्हणावं, आणि एखादा शब्द मोठ्याने सांगावा, समजा ‘पेरू’. तुम्ही भानावर आल्यावर पाच मिनिटांनी विचारावं, मी कुठला शब्द सांगितला होता? साध्या तंद्रीतून माणूस हाकेसरशी किंवा हलवल्यावर बाहेर येतो. फिटमधला येत नाही, आणि शब्दही बहुधा आठवत नाही. तारीख, वेळ, किती सेकंद, नंतर किती वेळ गोंधळ राहिला, हे कॅलेंडरवर लिहून ठेवा. अशा एका व्हिडिओने न्यूरॉलॉजिस्टचं काम अर्धं सोपं होतं. दिवसा अर्धा तास काढलेला ईईजी ‘नॉर्मल’ आला म्हणून फिट नाही असं ठरत नाही. झोपेतला, किंवा आदल्या रात्री कमी झोप घेऊन काढलेला ईईजी जास्त पकडतो.

छोट्या फिट्स सुरू असतील तर तारकर्लीचं कोडं बरंच सुटतं. दिवसभरात पाहिलेलं पक्कं होण्याचं बरंच काम रात्री झोपेत चालतं. त्याच वेळी त्या भागात विजेचे खोटे ठोके पडत राहिले, मग त्यांची फिट बनो न बनो, तर नोंद अर्धवट राहते. अशा माणसाला अर्ध्या तासापूर्वीचं चांगलं आठवतं, आठवड्याने किंवा महिन्याने मात्र ते गेलेलं असतं. नेहमीच्या स्मरणशक्तीच्या चाचणीत शब्दांची यादी किंवा गोष्ट सांगून साधारण अर्ध्या तासाने परत विचारतात. त्यामुळे तुमच्यासारख्या तक्रारीत निकाल ‘सर्व ठीक’ येतो आणि माणूस उगाच खोटा पडतो. चाचणी घेणाऱ्यांना स्पष्ट सांगा की मला तासाभराचं आठवतं, महिन्याभराचं नाही. तीच गोष्ट आठवड्याने फोनवर परत विचारायला सांगा.

चाचणी करायला हवीच. न्यूरोसायकॉलॉजिस्टकडे, म्हणजे स्मरणशक्ती, भाषा, लक्ष यांची चाचणी घेणाऱ्या मानसतज्ज्ञाकडे, दोन-तीन तास लागतात. ती मराठीतूनच घ्यायला सांगा. शब्दांच्या चाचण्या परक्या भाषेत दिल्या की गुण उगाच घसरतात. ढोबळमानाने, डाव्या बाजूचा हिप्पोकॅम्पस बिघडला की नावं, शब्द, ऐकलेला मजकूर निसटतो. उजव्या बाजूचा असेल तर चेहरे आणि वाटा. माणसागणिक यात फरक पडतो, तरी एमआरआयबरोबर ताडून बघायला याचा उपयोग होतो. एमआरआय जुना असेल तर अपस्मारासाठी (फिटच्या आजारासाठी) असलेल्या खास पद्धतीने, हिप्पोकॅम्पसचे बारीक काप घेऊन नवा काढावा का, हेही विचारा.

आता गोळ्या. टोपिरामेट शब्द अडवण्याबद्दल बदनाम आहे, आणि ती बदनामी रास्त आहे. डोस वाढतो तसा त्रास वाढतो, आणि काहींना दिवसाला १०० मिलीग्रॅमच्या आसपासही तो जाणवतो. तुम्ही २०० घेताय. बोटांना मुंग्या, वजन उतरणं, सोड्यासारखी फसफसणारी पेयं बेचव लागणं यातलं काही सोबत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. याचा चांगला भाग असा की हा त्रास गोळीचा असेल तर डोस कमी केल्यावर किंवा ती बदलल्यावर तो सहसा ओसरतो. लॅमोट्रिजिन, लॅकोसामाइड, लेव्हेटिरासेटाम ही औषधं डोक्याला साधारणपणे हलकी मानली जातात. पण फुकट काहीच मिळत नाही. लॅमोट्रिजिन अंगावर पुरळ येऊ नये म्हणून आठवडेच्या आठवडे हळूहळू चढवावं लागतं, आणि फेनिटॉइनसोबत त्याचं रक्तातलं प्रमाण घटतं. लेव्हेटिरासेटामने काहींची चिडचिड इतकी वाढते की घरचे हैराण होतात. दिवस राहण्याचा विचार असेल किंवा गर्भनिरोधक गोळी घेत असाल तर ते आधी सांगा. या औषधांची त्या दोन्हींशी गुंतागुंत आहे, आणि निवड त्यावरून बदलते.

फेनिटॉइनकडे कुणाचं लक्ष जात नाही, कारण ते पंधरा वर्षं घरचंच झालंय. त्याची एक खोड आहे. ठरावीक डोसपुढे यकृताची ते मोडायची क्षमता संपते, आणि मग गोळी थोडी वाढवली तरी रक्तातलं प्रमाण एकदम उडी घेतं. ते साधारण १० ते २० मायक्रोग्रॅम प्रति मिलीलीटर असावं. वर गेलं की झापड, तोल जाणं, एकाचे दोन दिसणं, आणि काही डोक्यात न शिरणं. तुमची दुसरी तक्रार, ग्राहकाचं बोलणं न उतरण्याची, इथून येत असू शकते. रक्त पुढचा डोस घेण्याआधी आणि दर वेळी त्याच सुमारास द्या, नाहीतर आकड्यांची तुलना करता येत नाही. त्याच सुईत व्हिटॅमिन बी-१२, फोलेट, व्हिटॅमिन डी, थायरॉइड आणि सोडियम करून घ्या. शाकाहारी असाल तर बी-१२ कमी निघणं अगदी नेहमीचं आहे. फेनिटॉइन वर्षानुवर्षं घेतल्याने फोलेट आणि डी घटतात.

आणि ते सरबत. सासूबाईंनी मायेनेच दिलंय, पण नेमकं तुमच्याच गोळीशी त्याचं भांडण आहे. शंखपुष्पी असलेल्या औषधाबरोबर फेनिटॉइन घेणाऱ्या दोन रुग्णांच्या फिट्स आटोक्यातून सुटल्या, म्हणून मुंबईतल्या संशोधकांनी उंदरांवर अभ्यास केला. तो १९९२ साली प्रसिद्ध झाला. काही डोस दिल्यावर रक्तातलं फेनिटॉइन घटलं, असं त्यात दिसलं. परीक्षेच्या दिवसांत दुकानांत मांडलेल्या ‘बुद्धिवर्धक’ बाटल्यांपैकी कितीतरी बाटल्यांत शंखपुष्पी असते, लेबल वाचा. तुम्ही महिनाभर ते घेताय, म्हणून आज फोन करून डॉक्टरांना सांगा आणि सरबत थांबवा. मात्र सरबत चालू असताना कुणी फेनिटॉइनचा डोस वाढवला असेल तर तेही सांगा. सरबत थांबल्यावर तोच वाढलेला डोस जास्त होऊ शकतो. सासूबाईंना ‘तुमचं औषध वाईट’ असं म्हणायची गरज नाही. ‘माझ्या गोळीबरोबर ते चालत नाही’ एवढं पुरे.

डॉक्टरांकडे जाताना सगळी औषधं पिशवीत घालून न्या, सरबताच्या बाटलीसकट. एका कागदावर तीन तक्रारी वेगवेगळ्या लिहा. प्रत्येकीपुढे ती कधी सुरू झाली आणि एक-एक उदाहरण. तुमची भेट दहा मिनिटांची असते, आणि ‘विसरायला होतं’ म्हटलं की ‘टेन्शन घेऊ नका’ हे उत्तर मिळण्याची शक्यता मोठी. त्याऐवजी असं विचारा: माझ्या छोट्या फिट्स चालू असतील का? टोपिरामेट एक पायरी खाली आणता येईल का? त्याऐवजी काय देता येईल, आणि बदलाच्या काळात फिट आली तर काय करायचं? गोळी बदलत असताना एका वेळी एकच बदल असावा. दोन गोळ्या एकदम हलवल्या तर कशाने फरक पडला हे कुणालाच कळत नाही.

मनाचं एक विचारते, तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही म्हणून. उदासी आणि काळजी अपस्मारात खूप आढळतात, आणि ‘माझी स्मरणशक्ती गेली’ ही जाणीव पुष्कळदा चाचणीतल्या गुणांपेक्षा मनाच्या स्थितीशी जास्त जुळते. तक्रार खोटी असते असा याचा अर्थ नाही. उदास मन लक्ष टिकू देत नाही, आणि लक्ष नसेल तर साठवायला काही उरत नाही. अपस्माराच्या रुग्णांसाठी सहा प्रश्नांची छोटी प्रश्नावली आहे, ती भरून घ्यायला सांगा. मन फारच खचलं, जगणं नकोसं वाटलं तर १४४१६ या टेली-मानसच्या (मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनच्या) क्रमांकावर दिवसरात्र मराठीत बोलता येतं. आणि झोप सात-आठ तास. घरच्या जागरणात, गोंधळात, नवरात्रात तुम्ही लवकर उठून निजायला गेलात तर कुणी नावं ठेवली तरी चालतील.

स्मृतिभ्रंशाची भीती मी उडवून लावणार नाही. पण तुम्ही लिहिलंत त्यात त्याच्या खुणा दिसत नाहीत. तुम्ही रोजची कॅश जुळवता, ओळीने पत्र लिहिता, काय विसरता ते तारखांसह सांगता. ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकणं, नेहमीचा स्वयंपाक उलटसुलट होणं, सहा महिन्यांत ठळक घसरण, आणि हे सगळं स्वतःला न कळता घरच्यांना दिसणं, असं असेल तर वेगळी तपासणी लागते.

रोजच्या कामाचं मात्र तपासण्यांची वाट न बघता सुरू करता येईल. मोबाइलवरचे मेंदूचे खेळ सोडून द्या. त्यांनी त्या खेळातला हात बसतो, काउंटरवरचं आठवायला लागत नाही. स्मरणशक्ती ताणण्यापेक्षा तिच्यावरचा भार कमी करणं जास्त फळतं. इथे हेन्री मोलेसन यांची आठवण काढावी लागते. १९५३ साली अमेरिकेत हार्टफर्डला फिट्स थांबवण्यासाठी त्यांच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचे हिप्पोकॅम्पसचे भाग काढले. त्यानंतर २००८ साली मृत्यू होईपर्यंत त्यांना नवं काही लक्षात ठेवता आलं नाही. पण आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला ते दिवसागणिक चांगलं शिकले. आदल्या दिवशी आपण गिरवलं होतं हे आठवत नसतानाही! (आज शस्त्रक्रिया एकाच बाजूची होते, तीही स्मरणशक्ती तपासून, म्हणून त्या नावाने घाबरू नका.) सवय मेंदूत दुसऱ्या वाटेने बसते, आणि ती वाट तुमची बहुधा शाबूत आहे. म्हणून जे जे करायचं ते सवयीत घाला.

काउंटरवर एकच वही. चिठ्ठ्या, हाताचा तळवा, पासबुकाची मागची बाजू, सगळं बंद. ग्राहक बोलत असतानाच चार गोष्टी लिहा: नाव, काय हवंय, कधीपर्यंत, कुणाला विचारायचं. मग वाचून दाखवा: “काका, मुदत ठेव एक वर्षासाठी पुन्हा ठेवायची, व्याज बचत खात्यात. बरोबर?” यात आठवणीचं काम होतंच, शिवाय चुकीचा ठपका तुमच्यावर येत नाही. एकाचं पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्याकडे वळू नका. मध्येच फोन आला तर ज्या ओळीवर होतात तिथे पट्टी ठेवा. सकाळी काउंटर उघडण्याआधी आणि संध्याकाळी बंद करताना पाच-पाच मिनिटं वही चाळा.

शब्द अडला की त्याच्याशी झटापट करू नका, त्याने तो आणखी आत जातो. आजूबाजूने जा: ‘ते सही जुळवतो ना, ते कार्ड’. समोरच्याला कळतं, आणि शब्द मागाहून येतो.

नवं नाव किंवा नवा नियम पक्का करायचा तर तो एकदाच दहा वेळा घोकू नका. मिनिटाने आठवा, मग पाच मिनिटांनी, पंधरा मिनिटांनी, तासाने, दुसऱ्या दिवशी, आठवड्याने. वाचायचं नाही, आधी आठवून बघायचं. चुकलात तर लगेच पाहून मागच्या अंतरावर परत या. सहलींसाठीही हेच करा. फोटोखाली त्याच रात्री दोन ओळी लिहा, कोण होतं, काय खाल्लं, कशावर हसलो. आठवड्याने घरच्यांसोबत ती सहल तुम्ही सांगा, त्यांनी फक्त ऐकावं. मग महिन्याने पुन्हा. तारकर्ली परत येईलच असं नाही, पुढची सहल मात्र अशी धरून ठेवता येते.

गोळ्यांसाठी सकाळ-रात्रीचे चौदा कप्पे असलेला डबा घ्या, रविवारी भरा. कप्पा रिकामा असेल तर गोळी घेतली. ‘घेतली की नाही’ या शंकेतून दुसऱ्यांदा घेणं, हे फेनिटॉइनबाबत चुकवण्याइतकंच वाईट. डोस राहिला आणि लवकर लक्षात आलं तर घ्या. पुढच्याची वेळ जवळ आली असेल तर राहिलेला सोडा, दोन एकदम नकोत. मेडिकलवाल्याने वेगळ्या कंपनीचं फेनिटॉइन दिलं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका. त्याच्या बाबतीत थोडासा फरकही जाणवतो.

नोकरीबद्दल: आत्ता राजीनामा देऊ नका. निम्मी तक्रार कदाचित डोसची आहे, आणि गोळी बदलून तिचा परिणाम दिसायला काही महिने जातात. तोवर मॅनेजरना नेमकी मागणी करा. गर्दीच्या वेळी कॅशच्या खिडकीऐवजी पडताळणीचं काम, आणि तोंडी सूचनांऐवजी लेखी. आजाराचं किती सांगायचं हे तुम्ही ठरवा. पण शेजारच्या एका सहकाऱ्याला तरी माहीत असावं की तुम्ही एकटक बघत राहिलात तर काय करायचं: हलवायचं नाही, धरून ठेवायचं नाही, जवळची धारदार वस्तू बाजूला करायची, घड्याळ बघायचं आणि भान येईपर्यंत थांबायचं. अंग झटकणारी फिट असेल तर कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही. पाच मिनिटांत ती थांबली नाही, किंवा शुद्धीवर न येता दुसरी आली, तर १०८ ला फोन करायचा. आणि तोल जायला लागला, एकाचे दोन दिसायला लागले, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.